लिंबाजीमामांची पाळीव गळती

लोक कुत्रं पाळतात, पोपट पाळतात, एखादा हौशी माणूस कबुतरं पाळतो. आमच्या गल्लीतल्या लिंबाजीमामांनी गळती पाळली होती. पाण्याची. टाकीपासून बाजारापर्यंत जाणारा गावचा लोखंडी पाइप नेमका त्यांच्या ओट्यासमोर, सांध्यात गळायचा, आणि त्या गळतीची ते अशी काही बडदास्त ठेवायचे की गावातल्या जावयांनी हेवा करावा.

आमचं गाव पालमच्या अलीकडे, एसटीच्या रस्त्यावर. पाइप फार जुना. मी लग्न होऊन आले तेव्हाच त्याचं वय झालेलं होतं. नळाला पाणी यायचं चार-पाच दिवसांआड, तेही करंगळीएवढं. मामांचं घर मात्र उतारावर. सगळ्यांचे नळ कोरडे पडले तरी पाइपात उरलेलं पाणी उतरत उतरत त्यांच्या दारात यायचं आणि त्या सांध्यातून वाहत राहायचं. मामांनी तिथली माती काढून खड्डा केला, खड्ड्यात फरशी बसवली, सांध्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि एका बाजूनं रबरी नळीचा तुकडा खुपसून धार बाहेर काढली. झालं! सगळी गल्ली घागरी घेऊन तिथं हजर.

मी ब्लाउज शिवते. माझं मशीन खिडकीपाशी आणि खिडकी मामांच्या ओट्यासमोर. त्यामुळे मी सांगतेय ते ऐकीव नाही, हुक लावता लावता डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कंडक्टरकी काही अंगातून गेली नव्हती. घागर म्हणजे फुल तिकीट, कळशी म्हणजे हाफ. कुणी मोठा जार आणला की, "ह्ये लगेज हाय, ह्येला शेवटी जागा." ओट्याच्या जाळीवर ते उलथनं आपटायचे. एक ठोका म्हणजे घागर काढा, दोन ठोके म्हणजे पुढची लावा. मधे कुणी बोलत उभी राहिली की आवाज चढायचा.

"सरका, सरका, पुढं सरका! दारात थांबायचं न्हाई! ए माय, घागर भरायलीस का झोपा काढायलीस?"

वशिला चालायचा नाही. एकदा सरपंचांच्या बायकोनं दोन घागरी आणून थेट पुढे ठेवल्या. मामांनी उलथनं खाली ठेवलं आणि अगदी अदबीनं म्हणाले, "बाईसाहेब, आमदार-खासदाराची शीट ह्या गाडीत न्हाई. पोटुशी बाई आन लेकुरवाळी, दोनच शिटा राखीव हायेत. तुमी त्यातल्या कोण?" सरपंचीणबाईंना नातवंडं आहेत. त्या मुकाट्यानं शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

सगळ्या नियमांना एकच अपवाद होता, माझी पाच वर्षांची अनू. ती वीतभर लोटी घेऊन जायची आणि मामा सगळी रांग थांबवायचे. "बाजूला व्हा, पासवाली आली." मी कितीदा सांगितलं, मामा, पोरगी शेफारेल. त्यांनी ऐकलं नाही आणि पोरगी शेफारलीच.

मला राग यायचा तो त्यांच्या चौकशांचा. घागर भरत असताना ते बाईला विचारायचे, माहेरून कधी आलीस, भावाचं सोयाबीन निघालं का, सासूचा गुडघा कसा हाय. उत्तर संपल्याशिवाय ठोका पडायचा नाही. तोवर घागर भरून पाणी गटारात चाललेलं. एकदा मला राहवलं नाही. खिडकीतून ओरडले, "मामा, पाणी वाया जायलंय!"

"जाऊ दे की," मामा म्हणाले, "पाणी पुन्यांदा यील. तिची गोष्ट अर्धी ऱ्हायली तर ती कुठून आणू?"

पाणी संपायला आलं, धार बारीक झाली, की ते जाहीर करायचे, "गाडी डेपोला लागली! बाकीच्यांनी पुढच्या गाडीनं या." मग ओटा धुऊन, दार लोटून आत जायचे.

या गाडीला धोका एकाच माणसाचा होता, ग्रामपंचायतीच्या शिवाचा. पाणी सोडणं आणि पाइप दुरुस्त करणं ही दोन्ही कामं त्याच्याकडे. तो हातात पाना घेऊन गल्लीत शिरला की मामांचा स्टो पेटलाच म्हणून समजा. "शिवा, ये, बस. च्या घे. भजे तळायलोय." आणि भजी खाता खाता त्याचं बौद्धिक व्हायचं. "आरं, जुना पाइप म्हंजी म्हातारं माणूस. हितं दाबलं की तिथं दुखतंय. खामखा हात कामून लावायलास?" शिवाला काम टळल्याचा आनंद, वर भजी. तो तोंड पुसत परत जायचा.

शेवटी मीच तक्रार केली. दारात बारा महिने चिखल, चिखलात डास, आणि शिवायला आलेले ब्लाउजपीस डासांसाठी नाहीत. शिवा नाइलाजानं आला, भज्यांना नाही म्हणाला आणि त्यानं सांध्यावर लोखंडी पट्टा आवळला. गळती बंद. मी विजयी मुद्रेनं मशीनवर बसले. मामा ओट्यावर बसून नुसते टाकीच्या दिशेनं बघत होते.

थोड्याच वेळात बाजारातून आरडाओरडा ऐकू आला. इथं अडलेल्या पाण्यानं तिकडं केस कापायच्या दुकानासमोर पाइप फोडला होता आणि कारंजं थेट दुकानात शिरलं होतं. दुकानातल्या खुर्चीत नेमके कोण बसले असावेत? माझे सासरे! अर्ध्या दाढीनं, गळ्यात फडकं, एका पायात चप्पल, असे ते भर बाजारातून घरी आले. साबण लावलेल्या गालाकडून ओरडले, "तक्रार कुणी केली?" मी हुक लावत राहिले. मागून मामा आलेच. "मी म्हणलो न्हवतो का? म्हाताऱ्या पाइपाला धक्का देऊ नाही." सासरे म्हणाले, "लिंबाजी, तुजं खरं हाय." दिवस मावळायच्या आत मामांनी पट्टा ढिला केला. गाडी पुन्हा सुरू झाली, आणि घरात महिनाभर मी कुणाला काही बोलायची सोय राहिली नाही.

मग एका आठवड्यात गल्लीतली लेकरं एकामागून एक आजारी पडली. उलट्या, जुलाब. अनूही पडली. तिला पालमच्या दवाखान्यात सलाइन लावलं, रात्र काढली, आणि सकाळी तिच्याजवळ नवऱ्याला बसवून मी कपडे न्यायला घरी आले. बघते तर आरोग्य केंद्राची आशाताई मामांच्या खड्ड्यापाशी उभी होती. हातातल्या पिशवीत पाणी तपासायच्या बाटल्या.

"मामा, वरून पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतोय," ती सांगत होती, "आन मग ह्या भोकातून खड्ड्यातलंच पाणी आत ओढून घेतोय. बाजूला गटार हाय, बगा. पुढच्या पाळीला तेच पाणी सगळ्या गल्लीच्या नळाला."

"ताई, माज्या गाडीत आजपस्तोर कुणी आजारी पडलं न्हाई," मामा ताठ्यात म्हणाले. "आमी जल्मभर ह्येच पिलाव."

मला तो ताठा सहन झाला नाही. "मामा," मी रस्त्यातूनच ओरडले, "तुमची पासवाली सलाइनवर हाय!"

मामांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी खड्ड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग वाकून ती रबरी नळी उपसून काढली आणि फेकून दिली. बायका घागरी घेऊन आल्या तेव्हा हात आडवे करून उभे राहिले. "ह्ये पाणी कुणी प्यायचं न्हाई. जा, माय, घरी जा."

दुपारच्या एसटीनं ते दवाखान्यात आले. टोपी हातात घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. अनूच म्हणाली, "मामा, गाडी बंद हाय का?"

"बंद हाय, माय," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी पाण्याचा ग्लास घेऊन गेले तर डोळ्यांना रुमाल लावलेला. माझा राग तिथंच विरघळला.

अनू बरी होऊन घरी आली, आणि लिंबाजीमामा ग्रामपंचायतीच्या दारात जाऊन बसले. आता तिथं गाडी सुरू. कुणी दाखल्यासाठी आलं तर, "आधी पाइपचं बोल, मग दाखल्याचं." सरपंच जेवायला निघाले तर दारात आडवे. "साहेब, मधी उतरता येणार न्हाई."

सरपंच वैतागले. "मामा, एक पट्टा मारून देतो, जा."

"पट्टा नको. हितं मारला की तिथं फुटंल, तिथं मारला की त्याच्या पुढं. सगळा पाइपच सडलाय. टाकीपासून बदला."

"आन इतकी वर्षं शिवाला भजे खाऊ घालून दुरुस्ती कुणी होऊ दिली न्हाई?"

"मीच," मामा म्हणाले. "म्हणून तर मीच बसायलोय."

चकरा झाल्या, ठराव झाले, ऊन-पाऊस झाला, आणि एकदाचा नवा पाइप आला. काळा, प्लास्टिकचा. तो टाकत असताना मामा दिवसभर खड्ड्याच्या कडेला उभे असायचे. स्वतःच्या दारातला खड्डा त्यांनी स्वतः बुजवला, माती चोपली. आता घरोघर नळाला असा जोर की बादली धरायला दोन हात लागावेत. माझ्या दारात चिखल नाही, डास नाहीत.

आणि समोरच्या ओट्यावर कुणी नाही. मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला, रविवारी फोन करतो. एकट्या माणसाला पाणी लागतं किती? एक घागर दोन दिवस पुरते. हा एवढा विचार इतकी वर्षं समोर बसून माझ्या डोक्यात आला नव्हता. दारात माणसं यावीत, त्यांनी चार गोष्टी सांगाव्यात, एवढ्यासाठी त्या माणसानं गळती जपली होती, आणि आमच्या लेकरांसाठी स्वतःच्या हातानं बुजवली होती.

मग मामांनी नवीन उद्योग काढला. पाणी आलं की घरोघर जाऊन विचारायचं, "नळाला पाणी यायलंय का? जोर हाय का?" बायका आतूनच सांगायच्या, "लय हाय, मामा! भरपूर हाय!" दार काही उघडायच्या नाहीत, त्यांना कामं असतात. मामा म्हणायचे, "बरं झालं, बरं झालं," आणि पुढच्या दाराला जायचे. शेवटच्या दारापर्यंत त्यांना काही वेळ लागायचा नाही.

एके दिवशी ते आमच्या दाराशी आले. मी म्हणाले, "मामा, आमच्या नळाला जोर न्हाई बगा. काय झालंय कळंना. बगता का जरा?"

मामांचा चेहरा उजळला. चप्पल काढून ते लगबगीनं मागं परसात गेले, भिंतीशी आमच्या नळाची चावी आहे तिथं. मी सकाळीच ती अर्धी आवळून ठेवली होती. स्वयंपाकघरातून मला दिसत होतं. मामा वाकले, चावीला हात लावला, थबकले. मग पूर्ण सोडून बघितली. धार धाडकन बादलीत पडली. त्यांनी बादली भरू दिली, आणि मग ती चावी पुन्हा होती तेवढी अर्धी आवळली.

आत येऊन पाटावर बसले. अनू लगेच त्यांच्या मांडीवर.

"नवा पाइप हाय, माय," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "नव्या पाइपाचा भरवसा न्हाई. रोज यून बगावं लागंल."

"मग येत जा की," मी म्हणाले आणि चहाला आधण ठेवलं.