गीझरचा दिवा

मी वीज कंपनीत कारकून आहे. बिलं तपासतो. पण वीज कंपनीत आहे म्हणजे याला वीज कळते, असा आमच्या घरात समज आहे आणि तो दूर करायचं धाडस मला वीस वर्षांत झालेलं नाही. (घरात तेवढाच काय तो मान.)

आई गीझर बंद करायला विसरते. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा विसरली तेव्हा बायको म्हणाली, "आता बटणाला मीच हात लावणार."

"मग मी गार पाण्यानं करीन अंघोळ," आई म्हणाली.

दोघींनी बोलणं टाकलं आणि निरोप माझ्यामार्फत सुरू झाले. दिवसभर ऑफिसात मान मोडायची आणि घरी येऊन पोस्टमन व्हायचं, याचा अगदी वीट आला. म्हटलं, गीझर चालू असला की पेटणारा निऑनचा छोटा दिवा बाथरूमच्या दारावर लावून टाकू, म्हणजे कटकट मिटली.

"सोबत दीड लाख ओहमचा रझिस्टर जोडा," विजेच्या सामानाचा दुकानदार म्हणाला. मला वाटलं, माल खपवतोय. नुसता दिवा आणला, थेट जोडला आणि आई अंघोळीला गेलेली असतानाच बटण दाबलं. फट्‌ झालं आणि घरातले सगळे दिवे गेले.

"अरे, मला दिसेनासं झालं का?" आतून आईचा आवाज आला.

"नाही गं, मलाच पुढचं दिसलं नाही," मी म्हणालो.

पुन्हा दुकान गाठलं. "रझिस्टर म्हणजे दिव्याचा लगाम," दुकानदारानं समजावलं, "नाहीतर तो वीज ओढत सुटतो. दीड लाखाचा बास." पण आमच्या खात्यात शंका आली की वरचा आकडा धरतात. मी दहा लाखांचा मागितला. एकाला दोन असावेत म्हणून दोन घेतले आणि एकापुढे एक जोडले.

"अहो, उजेड दिसायचा नाही," तो म्हणाला.

"फुटायचा तर नाही ना?"

नाही फुटला. पण पेटलाय की नाही, हेही कळेना. शेवटी बायकोनं पॅसेजमधला बल्ब मालवला, आईनं तळहाताचा आडोसा केला आणि दोघी डोक्याला डोकं लावून बघू लागल्या.

"तुला दिसतोय का गं?"

"आहे, आई. हा काय, माझ्या बोटाशी. ठिपका आहे."

चार दिवसांनी एकमेकींशी बोलल्या. मला खरंच भरून आलं.

"बघा," मी म्हणालो, "झाला ना उपयोग?"

"झाला तर," आई म्हणाली. "आता हा पेटलाय की नाही ते कळायला वर आणखी एक दिवा लाव."

"यांना नका सांगू, आई," बायको म्हणाली. "या वेळी वीज कळणारा माणूस बोलावू."