ठणठणीत युम्नाचं दुखणं

जून महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी नऊच्या ठोक्याला, इजिप्तमधल्या दुमयात शहरातल्या एका इस्पितळात युम्ना रिफअत नावाच्या मुलीला पलंगावर आडवं करण्यात आलं. तिच्या डाव्या हाताला सलाइनची नळी चिकटपट्टीने चिकटवण्यात आली आणि उजव्या हातात बारावीची अरबीची प्रश्नपत्रिका देण्यात आली. मुलीला काहीही झालेलं नव्हतं. सकाळीच ती तीन अंडी, दोन भाकऱ्या आणि फूल नावाची वाडगाभर घेवड्याची उसळ हाणून आली होती.

बाहेर व्हरांड्यात तिची आई इन्शिराहबाई जपमाळ ओढत उभी होती. यात आपला काडीचाही दोष नाही, असं इन्शिराहबाईंचं म्हणणं आहे. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि मग मागच्या उन्हाळ्यात जावं.

मागच्या उन्हाळ्यात युम्ना बारावीत गेली आणि इन्शिराहबाईंनी नवऱ्यासमोर, रिफअतसमोर, आपली योजना मांडली. "इतर बायका काय करतात? दाराला निळा मणी टांगतात, धूप जाळतात! अहो, मणी बघूनच लोकांना कळतं, की या घरात दृष्ट लावण्यासारखं काहीतरी आहे! मी मालच झाकून ठेवणार!"

रिफअतचं फर्निचरचं दुकान होतं. त्याने चहाचा घोट घेतला. "झाकलेला माल विकला जात नाही गं."

"तुमचे सोफे आणि माझी मुलगी एक नाही!"

मुलगी खरोखर हुशार होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं, तेही आईसाठी नव्हे, स्वतःसाठी. मेलेल्या कबुतराचं पोट फाडून आत काय असतं ते बघण्याचा नाद तिला लहानपणापासून होता. पण मेडिकलचा दरवाजा बारावीच्या टक्क्यांवर उघडतो आणि अर्ध्या टक्क्याने तोंडावर आपटतो. म्हणून घरात टीव्हीवर गोधडी पडली, पाहुणे बंद झाले, चुलतभावाच्या लग्नाला फक्त पाकीट गेलं. घरात हाका सुरू झाल्या, "डॉक्टर, जेवायला ये! डॉक्टर, ओले पाय गालिच्यावर ठेवू नकोस!" आणि जिन्यात पाऊल टाकलं की त्याच तोंडातून दुसरी तबकडी वाजे. "कसली डॉक्टर आणि कसलं काय! पास झाली तरी अल्लाची मेहेरबानी. डोकं धरून पडलेली असते पोर."

डोकेदुखीवर भागलं असतं. पण खोट्याला पाय नसतात, त्याला पंख फुटतात. भाजीवालीला इन्शिराहबाईंनी रक्त कमी असल्याचं सांगितलं. शिंपिणीकडे मुलीला घेरी येऊ लागली. नणंद जरा जास्तच खोदून विचारू लागली, तेव्हा छातीत कळ आली. कुणाला काय सांगितलं याचा हिशेब बाईंनी ठेवला नाही. तो बायकांनी ठेवला. बायका शुक्रवारच्या बाजारात भेटत, टिपणं जुळवत, आणि दर आठवड्याला युम्नाला एक नवा रोग जडे.

आता शाळेविषयी. आमच्याकडे बारावीची मुलं शाळेत जात नाहीत. वर्गात बाकं असतात, फळा असतो, कधीमधी शिक्षकही असतात; मुलं मात्र त्याच शिक्षकांच्या शिकवणीला, त्यांच्या घरी बसलेली असतात. हजेरीचं भोक बुजवायला डॉक्टरचा दाखला लागतो. सगळे आणतात. कुणी कंबरदुखी आणतं, कुणी कावीळ. इन्शिराहबाई डॉक्टर फिक्रींच्या दवाखान्यात गेल्या आणि कापड निवडावं तसं म्हणाल्या, "ताप-बीप नको हं डॉक्टर. जरा भक्कम काहीतरी द्या. वर्षभर टिकलं पाहिजे!"

डॉक्टर फिक्रींनी विचार करून हृदयाची नादुरुस्त झडप दिली.

वरच्या मजल्यावर अफाफ राहायची. तिच्या तामेरला सहाव्या वर्षापासून मधुमेह. तोही बारावीला, त्यालाही मेडिकलच हवं. रोग खरा असल्यामुळे त्याच्या सवलतीचं काम काही दाखल्याइतकं सोपं नव्हतं. पेपराला जादा वेळ मिळावा, खिशात साखर आणि रक्त तपासायचं यंत्र ठेवू द्यावं, एवढ्यासाठी अफाफने, सख्खा भाऊ खात्यात असूनही, अख्खा हिवाळा शिक्षण खात्याच्या पायऱ्या झिजवल्या. इन्शिराहबाईंना हे जिन्यात कळलं. त्या भाजीवालीला, पण वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सवलती! हल्ली परीक्षेला अभ्यास लागत नाही बाई, रोग लागतो! आमच्या वेळी पोरं तापाने फणफणत पेपर द्यायची!"

वरचं दार हळूच बंद झालं.

त्यानंतर आठवड्याभराने अफाफ खाली आली. येताना ताटभर मुशब्बक घेऊन आली. आमच्या गावची ही मिठाई म्हणजे जिलबीची धिप्पाड बहीण. दारातच तिने इन्शिराहबाईंना मिठी मारली. आमच्याकडे बाईला मुलाच्या नावानेच हाक मारतात; उम्म म्हणजे आई.

"उम्म युम्ना, दुखणं असं झाकून ठेवू नये गं. माझ्यापासूनसुद्धा?"

"कुठलं दुखणं?" इन्शिराहबाई म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "हां, ते! अगं, चालायचंच."

"चालायचंच कसं? माझा भाऊ वजीह खात्यात आहे, ठाऊक आहे ना तुला? मी सांगितलंय त्याला. तू काळजी करू नकोस."

इन्शिराहबाई हसल्या. काय सांगितलंय, हे त्यांनी विचारलं नाही. तोंडात मुशब्बक होता.

वजीहने शाळेतून युम्नाची फाइल मागवली. त्यात झडप निघाली! वर्षभराची गैरहजेरी निघाली! बाजारात ऐकलेलं आणि कागदावर लिहिलेलं इतकं तंतोतंत जुळलेलं त्याने नोकरीत प्रथमच पाहिलं. त्याचे डोळे पाणावले. त्याने एका दमात सही ठोकली. अफाफने हे दयेपोटी केलं की त्या जिन्यातल्या वाक्यापोटी, यावर आमच्या इमारतीत आजही दोन तट आहेत.

प्रवेशपत्र आलं. त्यावर परीक्षेची जागा म्हणून इस्पितळाचं नाव होतं. युम्ना किंचाळली. "आई, पलंगावर मी अभ्यास करत नाही! पलंगावर मला झोप लागते!"

"मी आत्ता जाते आणि बदलून आणते," इन्शिराहबाई म्हणाल्या आणि शाल सावरत खात्यात जाऊन थडकल्या.

"उस्ताज वजीह, चूक झालीय! माझ्या मुलीला शाळेतच बसू द्या!"

वजीहने खुर्ची पुढे केली. "बसा, उम्म युम्ना. मला कळतं. मुलगी आजारी आहे हे मान्य करणं आईला जड जातं."

"आजारी नाहीये ती!"

"नाहीये?"

"म्हणजे होती. आता बरी आहे!"

"झडप बरी झाली?"

"झाली!"

"अल्लाची कृपा!" वजीहने फाइल उघडली. "कधी झाली? कारण मागच्या महिन्यापर्यंत शाळेत आलेली दिसत नाही. आजार नसेल तर हजेरी लागते. हजेरी नसेल तर आजार लागतो. दोन्ही नसेल तर पुढच्या वर्षी परीक्षेला बसा."

इन्शिराहबाईंनी ती फाइल आपल्याच हाताने मिटली.

"आजारी आहे," त्या म्हणाल्या. "फार आजारी आहे!"

"मी म्हटलंच," वजीह मायेने म्हणाला. "मग बिचारीला बाकावर कशाला बसवता?"

अशी ती रविवारची सकाळ उजाडली. गावातल्या बाकीच्या आया शाळेच्या फाटकाबाहेर छत्र्या उघडून, कुराण मांडीवर घेऊन, एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. वर्षभराच्या कष्टाचं ते सुख असतं! इन्शिराहबाई व्हरांड्यात एकट्या होत्या. सोबतीला फिनेलचा वास होता.

नेमके त्याच दिवशी गव्हर्नरसाहेब येणार होते. दरवर्षी पहिल्या पेपरला साहेब परीक्षा बघायला निघतात आणि आजारी मुलांसोबत फोटो काढतात. त्याशिवाय परीक्षा सुरू झाल्यासारखी वाटत नाही. इस्पितळाच्या संचालकांनी खोलीत डोकावून पाहिलं. लालबुंद गालांची मुलगी पलंगावर मांडी घालून बसलेली.

"हा काय पेशंट आहे?" ते नर्सवर ओरडले. "साहेब काय म्हणतील? झोपवा तिला! नळी लावा! आणि ते गाल... त्या गालांचं काहीतरी करा!"

नर्सने गालांना पावडर लावली. सलाइनची सुई टोचायची हिंमत झाली नाही, म्हणून नळी नुसती चिकटवली.

पेपर अर्ध्यावर आला तेव्हा साहेब आले. मागे कॅमेरे आले, कॅमेऱ्यांमागे पुन्हा कॅमेरे. निबंधाच्या ऐन मध्यावर साहेबांनी युम्नाच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटी, कसं वाटतंय?"

युम्नाने घड्याळाकडे पाहिलं. "साहेब, माझा वेळ जातोय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ऐकलंत?" ते कॅमेऱ्यांकडे वळून म्हणाले. "हिला ठाऊक आहे, आपल्याकडे वेळ थोडा उरलाय! आणि तरी ती लिहिते आहे!"

संचालक रडले. नर्स रडली. युम्नासुद्धा रडली, कारण पाच मिनिटं वाया गेली होती. तो फोटो सगळ्यात चांगला आला.

संध्याकाळपर्यंत तो देशभर पसरला. 'वेळ जातोय' म्हणणारी मुलगी! फोनवर फोन! वरच्या इजिप्तमधल्या कुठल्याशा खेड्यात तिच्या नावाने बकरा कापला गेला. अलेक्झांड्रियाच्या एका आजीबाईंनी स्वतःच्या झडपेचं औषध पोस्टाने पाठवलं. ज्या मुलीला एका जिन्याच्या दृष्टीपासून झाकायचं होतं, तिच्यावर आता अख्ख्या देशाची नजर टक लावून बसली.

इन्शिराहबाईंनी कागदाची बाहुली कापली, टाचणी घेतली. दृष्ट उतरवायची तर बघणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन एक भोक पाडायचं असतं. त्या खाली मान घालून फोनवरची नावं वाचत सुटल्या. "हिच्या डोळ्यात! त्याच्या डोळ्यात! ह्या कोण? कुवेतहून? त्यांच्याही डोळ्यात!" बाहुलीची चाळण झाली तरी नावं संपेनात.

"झोप आता," रिफअत म्हणाला. "झाकलेला माल अखेर दुकानाच्या काचेत लागला."

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं असं म्हणतात. इन्शिराहबाईंच्या हातात त्या वेळी खरोखरच धुपाटणं होतं.

मुलगी मात्र आईवर गेली नव्हती. उरलेले सगळे पेपर तिने त्याच पलंगावर, नळीला शिव्या देत दिले. निकाल लागला आणि मेडिकलच्या रेषेच्या चांगली वर निघाली! तामेरही निघाला, रेषेला जेमतेम चिकटून. इन्शिराहबाईंनी जीभ हलवत आनंदाची किलकारी, आमचा ज़ग़रूता, सुरू केला आणि दृष्टीच्या भयाने तो अर्ध्यातच गिळला. ऐकणाऱ्यांना उचकी वाटली.

मग मेडिकल कॉलेजात प्रवेशाआधीची शारीरिक तपासणी आली. तामेरने आपला मधुमेह, त्याची औषधं आणि बारा वर्षांचे खरे कागद टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी चाळले, दोन प्रश्न विचारले, शिक्का मारला. पुढे!

युम्ना आत गेली. टेबलामागची बाई ताडकन उभी राहिली. "तू ती! वेळ जातोय! अगं, आम्ही सगळे किती रडलो!"

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. "हृदय उत्तम आहे," ते चिंताग्रस्त चेहऱ्याने म्हणाले.

"उत्तमच आहे!" इन्शिराहबाई ओरडल्या. "जन्मापासून उत्तम! घोड्यासारखी आहे माझी मुलगी!"

"बाई, फाइलमध्ये झडप आहे. वर्षभर अंथरूण आहे. गव्हर्नरसाहेबांचा फोटो आहे. माझ्या कानावर विश्वास ठेवू की साहेबांच्या फोटोवर? झडप लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडूनच मुलगी निरोगी असल्याचा दाखला आणा. मग बघू."

इन्शिराहबाईंनी त्याच दुपारी डॉक्टर फिक्रींचा दवाखाना गाठला. दवाखान्याच्या भिंतीवर युम्नाचा इस्पितळातला फोटो चौकटीत लावलेला होता. खाली लिहिलं होतं, 'आमची रुग्ण'.

"डॉक्टर, एवढं लिहून द्या. मुलीला काहीही झालेलं नाही. खरं तेच लिहायचंय!"

डॉक्टर फिक्रींनी फोटोकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मदाम," ते म्हणाले, "अख्ख्या देशाने तिचं दुखणं पाहिलंय. मी खोटे दाखले देत नाही."

तामेरचे वर्ग येत्या शनिवारी सुरू होतील. अफाफने खाली ताटभर मुशब्बक पाठवला आहे आणि तो अजून कुणी खाल्लेला नाही. इन्शिराहबाई आता जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगतात, की माझी मुलगी ठणठणीत आहे, तिला कधी साधी शिंकसुद्धा आली नाही. बायका डोळे पुसतात. "आई असावी तर अशी," म्हणतात.

युम्ना सध्या रोज सकाळी नाईलच्या काठाने धावते, सगळ्यांना दिसावं म्हणून. काल दोन अनोळखी बायकांनी तिला धरून बाकावर बसवलं आणि पाणी पाजलं. मेडिकल कॉलेजातली तिची फाइल अजून टेबलावर आहे.