कंट्रोल संचालकांकडेच

पेशीबाईंनी उभी हयात कर्करोगाच्या पेशींबरोबर काढली होती. गाठीला आधी बाईंनी शोधलेलं औषध द्यायचं आणि मग किरणं. पेशी इतक्या हळव्या होत की निम्म्या किरणांत काम भागे. म्हणजे घशाच्या रुग्णाची गाठ जावी, पण घोटभर पाणी गिळण्याइतका घसा शिल्लक राहावा. औषध वॉर्डात चाचणीला जायचं, तर एक शेवटचा प्रयोग चोख यायला हवा होता. त्यावर संचालकांची सही, की झालं.

या प्रयोगात, रीतीप्रमाणे, काही डिशमधल्या पेशींना काहीच द्यायचं नव्हतं. ना औषध, ना किरणं. बाकीच्या डिशची तुलना त्यांच्याशी करायची. अशा डिशना कंट्रोल म्हणतात, आणि बाईंनी झाकणांवर तसं ठळक लिहिलंही होतं. तिथेच माशी शिंकली.

वार्षिक तपासणीला आलेले लेखापरीक्षक इन्क्युबेटरपाशी थबकले.

"या डिश नुसत्याच बसून?"

"साहेब, काही न होणं हेच त्यांचं काम आहे."

"ते काम प्रशासन विभागाकडे आधीच सोपवलेलं आहे," असं म्हणून त्यांनी कामाच्या द्विरुक्तीबद्दल आक्षेप नोंदवला. संध्याकाळच्या आत बाईंना संचालकांचं बोलावणं आलं.

"बाई, कंट्रोल म्हणे तुमच्याकडे आहे?"

"हो सर. इन्क्युबेटरमध्ये, वरच्या कप्प्यात."

"वरच्या कप्प्यात! आणि मला कुणी बोललं नाही! अहो, या संस्थेत कंट्रोल एकाच ठिकाणी असतो." त्यांनी टेबलावर बोट टेकवून ते ठिकाण दाखवलं.

"पण सर, त्या पेशींना अंगाइतकी ऊब लागते. तुमच्या एसीत त्या मरतील."

"इतकी वर्षं मी इथे बसतोय. माझ्यात काही बदल जाणवला?"

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण सही व्हायची होती. बाईंनी उत्तर गिळलं आणि डिश स्वतःच्या हातांनी केबिनमध्ये नेऊन ठेवल्या, सन्मानचिन्हं आणि प्लास्टिकची फुलं यांच्या मधोमध.

दोन दिवसांत तिथल्या पेशी झाडून साऱ्या मेल्या. प्रयोगशाळेत औषध आणि किरणं मिळालेल्या पेशींपैकी मात्र चार चिवट जिवांनी तग धरला होता. निकालाचा तक्ता बघून संचालक खुर्चीतून उठले. ही घटनाही संस्थेत दुर्मीळच.

"बाई, औषध नाही, किरणं नाहीत. नुसत्या माझ्या सान्निध्यात कर्करोग समूळ नष्ट!"

"सर, थंडीनं मेल्या हो त्या! खालच्या फ्रिजमध्ये ठेवून बघू, तिथेही मरतील."

"फ्रिजचा कंट्रोल कुणाकडे?"

"तुमच्याकडे, सर."

"मग आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?"

पुढचं सगळं नियमाला धरून झालं. सान्निध्योपचार विभाग स्थापन झाला. साधे रुग्ण सोफ्यावर, गंभीर रुग्ण संचालकांच्या शेजारच्या खुर्चीत. अतिगंभीरांना ते एकदा वळून बघत. बाईंचा दांडगा अनुभव ध्यानात घेऊन त्यांना विभागप्रमुख नेमलं गेलं. काम सोपं होतं: एसीत कुडकुडणाऱ्यांना शाली वाटायच्या.

घशाचा एक म्हातारा रुग्ण शाल लपेटून घेताना पुटपुटला, "ताई, पाणीसुद्धा उतरत नाही हो."

"आजोबा, साहेबांना सांगितलंत का?"

"सांगितलं की! ते म्हणाले, तुम्ही नीट माझ्याकडे बघत नाही."

बाई घरी येऊन हे सगळं सांगत, तेव्हा दीर हसून हसून लोळत. "वहिनी, कठीण आहे तुमच्या लोकांचं!" ते डोळे पुशीत म्हणत. मग एक दिवस त्यांच्या मानेला गाठ लागली. त्या दिवशी ते हसले नाहीत. बाईंना गॅलरीत घेऊन गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माझा विश्वास नाही हां वहिनी. पण तुमच्या ओळखीनं शेजारची खुर्ची मिळेल का?"

तेव्हापासून बाई ही हकीकत भेटेल त्याला सांगतात. लोक पोट धरून हसतात आणि जाता जाता हळूच केबिनची वेळ विचारून घेतात. औषधाचं पुढे काय झालं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.

तुम्हीही नाही.