अडगळीची पात्रता

सुताराचे वडील, तात्या, परसातल्या खोलीत झोपत आणि त्यांचे पाय खोलीबाहेर झोपत. तात्या ताडमाड उंच, खोली आखूड. ती मुळात फळ्या ठेवायला बांधलेली. पण आपल्या घोरण्याने नातीच्या झोपेचं खोबरं होतं म्हणून तात्या आपण होऊन तिथे राहायला गेले. थंडी पडली तसा त्यांचा खोकला बळावला. सुताराला ते बघवेना. खोली दोन हात वाढवली की दार लागणार होतं, आणि लाकूड व हात दोन्ही घरचेच होते. राहता राहिली ती परवानगी.

"आत झोपतं कोण?" बांधकाम खात्यातल्या कारकुनाने विचारलं.

"वडील."

"म्हणजे निवास. तसं लिहिलंत तर आहे तीही खोली पाडावी लागेल. नियमाप्रमाणे ती अडगळीची खोली. ती वाढवायला कारण एकच चालतं, अडगळ वाढली."

"पण राहायला गेलेत ते वडील."

"मग वडील अडगळीत दाखवा," कारकून कनवाळूपणे म्हणाला. "लोकांना नियमात बसवायलाच तर आम्ही इथे बसलोय."

सुताराने मान खाली घालून तसं दाखवलं. यथावकाश निरीक्षक टेप घेऊन पाहणीला आले. अडगळ खाटेवर बसून नातीला गणित समजावत होती आणि सून तिला चहा देत होती. निरीक्षकांनीही चहा घेतला आणि शेरा मारला: 'सदर वस्तू वापरात आहे. अडगळ म्हणून अपात्र.'

"एवढंच ना," तात्या म्हणाले, "पुढच्या खेपेला मी गप्प पडून राहतो. तुम्ही माझ्याकडे ढुंकून बघू नका."

घरात रीतसर तालीम झाली. दुसऱ्या पाहणीला तात्या अंगावर गोणपाट ओढून भिंतीकडे तोंड करून पडले. सून पाठ फिरवून भांडी घासू लागली. निरीक्षक समाधानाने लिहायला लागले, एवढ्यात तात्यांना ठसका लागला. नात पाणी घेऊन धावली, सून पाठ चोळायला, आणि सुताराच्या हातून रंधाच पडला.

'आस्थेचा पुरावा आढळला,' निरीक्षकांनी लिहिलं. 'अर्ज नामंजूर.'

सुताराचं टाळकं सरकलं. "साहेब, जित्याजागत्या माणसाला अडगळ करायचं तरी कसं? जमतं का कुणाला?"

निरीक्षकांना खरोखर नवल वाटलं. "अहो, या गल्लीत तुमचाच अर्ज तेवढा अडला. बाकीच्यांना तालीमसुद्धा लागली नाही. कोपऱ्यात म्हातारं माणूस बसलेलं असतं आणि घरातले मला सांगतात, या साहेब, खोलीत कुणी नाही."

 सुताराने तात्यांची खाट घरात घेतली, नातीने कानात कापूस घातला, आणि तो स्वतः परसात झोपायला गेला. तो आईवर गेला होता, बुटका. दार व्यवस्थित लागलं.

इतरांसाठी परवानग्या चालूच आहेत. आपल्यालाही खोली वाढवायची असेल तर जरूर अर्ज करावा. निरीक्षक येतील त्या दिवशी घरात वेगळं काही करायची गरज नाही. रोज वागता तसंच वागावं.