शांत नाडीचा धावपटू

तब्येतीच्या बाबतीत माझा सिद्धांत अगदी सरळ होता. जी वस्तू वापरली जाते, ती झिजते! चप्पल वापरली की तिचा अंगठा तुटतो, सायकल वापरली की चेन ढिली पडते, मग आपले गुडघे काय पोलादाचे आहेत? म्हणून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी माझं शरीर अगदी कोरं करकरीत ठेवलं होतं. सकाळी उशिरा उठायचं, नाश्त्याला बुट्टी मारायची, दुपारी वेफर्सचं पाकीट फोडायचं आणि उरलेला दिवस पलंगावर मोबाइल बघत लोळून काढायचा. एवढं करूनही मी काडीसारखा बारीक! आता सांगा, यापेक्षा उत्तम तब्येत ती कोणती?

माझा रूम पार्टनर मात्र या बाबतीत अगदीच अडाणी. त्याला सगळं होस्टेल ‘पैलवान’ म्हणायचं. रोज उठून जोर काय मारायचा, कच्ची अंडी काय प्यायचा! आरशासमोर उभा राहून दंडाच्या बेटकुळ्या मोजायचा, जणू रात्रीतून एखादी चोरीला जाणार होती.

“अरे, ऊठ! तुझ्या अंगाला गंज चढेल!” तो मला म्हणायचा.

“झिजण्यापेक्षा गंजलेलं बरं,” असं म्हणून मी कूस बदलायचो.

तर एक दिवस कॉलेजात फर्मान निघालं की प्रत्येक विद्यार्थ्याची वाचनालयात आरोग्य तपासणी होणार. हल्लीची मुलं दिवसभर बसून असतात, वाट्टेल ते खातात, झोपत नाहीत आणि विशीतच रक्तदाब घेऊन फिरतात, असं कुणीतरी प्राचार्यांच्या डोक्यात भरवलं होतं. जो तपासणी चुकवेल, त्याला परीक्षेला बसता येणार नाही!

पैलवानाला आनंदाचं भरतं आलं. कॉलेजात सर्वांत तंदुरुस्त कोण, ते आता सरकारी शिक्क्यानिशी ठरणार होतं. तरतरी यावी म्हणून त्याने लागोपाठ दोन मग कडक कॉफी ढोसली. छाती फुगलेली दिसावी म्हणून वाचनालयाच्या दाराबाहेर दणादण जोर मारले. आणि मग रांगेत उभा राहिल्यावर त्याला टेबलावरची रक्त घ्यायची सुई दिसली! हा एवढा धिप्पाड गडी, पण सुई बघितली की त्याचं कोकरू होतं.

माझा नंबर त्याच्या पुढे होता. डॉक्टरबाईंनी मला एका लांब बाकावर आडवं केलं आणि म्हणाल्या, “पाच मिनिटं अगदी शांत पडून राहा.”

आता हे म्हणजे माशाला पोहायला सांगण्यापैकी झालं. वाचनालयात पंखा छान फिरत होता. मी डोळे मिटले...

यापुढची हकिगत मला नंतर पैलवानाने सांगितली, कारण मी तिथे हजर असलो तरी जागा नव्हतो! बाईंनी माझी नाडी बघितली. घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा बघितली.

“कमाल आहे! इतकी संथ नाडी? ही तर कसलेल्या धावपटूची!” त्या ओरडल्याच. मग मला विचारलं, “काय रे, व्यायाम करतोस?”

मी बाकावर उठून बसलो होतो, पण डोळ्यांवरची झापड काही उतरली नव्हती. पेंगता पेंगता माझी मान खाली गेली. बाईंना वाटलं, हो म्हणाला.

“रोज?”

मान पुन्हा खाली.

“धावतोस?”

या वेळी मान दोनदा खाली गेली म्हणे!

नेमके तेव्हाच रांग सांभाळायला आमचे क्रीडाशिक्षक उभे होते. आंतरमहाविद्यालयीन लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी त्यांनी पाच जणांचा संघ बांधला होता आणि पैलवान त्यातला पाचवा. नियम असा की पाचही जणांनी शर्यत पुरी केली पाहिजे, एक जरी गळला तरी संघ बाद. माझ्यापाठोपाठ पैलवानाची तपासणी झाली. दोन मग कॉफी, दारातले जोर आणि सुईची धास्ती, सगळं एकदम त्याच्या रक्तदाबात चढलं. आकडा पाहून डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला.

“बाळा, उद्यापासून व्यायाम बंद. विश्रांती घे. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू.”

सरांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. दुसऱ्याच क्षणी ते माझ्याकडे वळले आणि हरवलेलं लेकरू जत्रेत सापडावं तशी त्यांनी मला मिठी मारली!

“लपून बसलास होय रे इतके दिवस!”

मी तोवर जेमतेम जागा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सर आमच्या खोलीच्या दारात हजर. मैदानाला अर्धी फेरी मारली आणि माझ्या छातीत भाता, बरगडीत सुरी आणि डोळ्यांपुढे काजवे! मी मटकन खाली बसलो.

“शाबास!” सर ओरडले. “ताकद राखून ठेवतोयस! लांब पल्ल्याचा खरा गडी असाच असतो.”

“सर, मला खरंच धावता येत नाही हो!”

“आणि नम्रपणा बघा केवढा!” सर उरलेल्या चौघांना म्हणाले. “शिका जरा.”

मी पाय ओढत चाललो, तर ती माझी शैली. मी लंगडलो, तर ते प्रतिस्पर्ध्यांना फसवणं. एकदा तर मी सरळ गवतात आडवा झालो, तेव्हा त्यांनी चौघांनाही माझ्या शेजारी आडवं व्हायला लावलं! कॅन्टीनवाल्यालाही त्यांनी ताकीद देऊन ठेवली होती. मी वेफर्स मागितले की तो माझ्यापुढे केळं ठेवायचा.

आणि तिकडे खोलीत? पैलवान माझ्याच उशीला टेकून पडलेला! पहिले दोन दिवस तो ढसाढसा रडला. तिसऱ्या दिवशी त्याने माझे वेफर्स चाखून बघितले. आठवड्याभरात तो अंगावर पांघरूण, पोटावर मोबाइल अशा थाटात मला सांगू लागला, “जाताना दिवा घालव रे.” मी चरफडत बुटाच्या नाड्या बांधायचो. जन्मभर मी जी तपश्चर्या केली, तिचं फळ हा खात होता!

होता होता शर्यतीचा दिवस उजाडला. शिट्टी वाजली. आमचे चौघे बाणासारखे सुटले आणि मी त्या बाणांमागून टपाल निघावं तसा निघालो. पहिल्या वळणापर्यंत पळालो. दुसऱ्या वळणापर्यंत पळतोय असं दाखवलं. तिसऱ्या वळणावर प्रथमोपचाराचा तंबू दिसला, तेव्हा मात्र पायांनी माझा सल्ला न घेताच तिकडचा रस्ता धरला.

तंबूत बसल्या होत्या त्याच डॉक्टरबाई!

त्यांनी माझी नाडी धरली आणि त्यांचे डोळे विस्फारले. “थांब, तूच ना तो? मग ही नाडी अशी तबल्यासारखी का वाजतेय? तपासणीच्या आधी रोज किती धावत होतास तू?”

“अजिबात नाही, बाई.”

“मग मान का डोलावलीस?”

“डोलावली नाही हो! डुलकी लागली होती!”

बाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसत सुटल्या की मलमपट्टीचा डबा लवंडला. हसू ओसरल्यावर त्यांनी मला एकेक सवय विचारली. मीही खरं ते सांगत गेलो. वेफर्स ऐकले, नाश्ता ऐकला, पलंग ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

“बारीक असणं म्हणजे निरोगी असणं नव्हे, राजा,” त्या म्हणाल्या. “तुझ्या त्या मित्राची काळजी करत होते मी. खरी काळजी तुझी करायला हवी होती.”

मागे सायकलचं चाक करकरलं. सर! तंबूच्या दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे त्या दिवशी तू झोपला होतास?”

“हो, सर.”

“आणि गवतात आडवा झालास, ते?”

“दमलो होतो, सर.”

सरांनी सायकल तंबूच्या खांबाला टेकवली.  मग ते हळूच म्हणाले, “आपले चौघेही पोचले रे. एक तर तिसरा आलाय.”

पाचवा पोचला नाही, तर त्या तिसऱ्याला अर्थ नव्हता. मी डॉक्टरबाईंकडे पाहिलं.

त्यांनी पुन्हा नाडी तपासली. ती आता बरीच उतरली होती. “धावायचं नाही. चालायला माझी हरकत नाही.”

मग मी चालू लागलो. सर सायकल हातात धरून शेजारून चालत होते. भाजीला निघालेल्या एक आजी आम्हाला मागे टाकून गेल्या! शेवटच्या रेषेपाशी पोचलो, तेव्हा कापडी कमान उतरवून तिची घडी घालणं चालू होतं. सरांनी धावत जाऊन ती पुन्हा उलगडायला लावली. आमच्या संघातले चौघे तिचं एक टोक धरून उभे राहिले आणि मी त्यांच्या हाताखालून वाकून आत गेलो.  पाठीवर चार थापा पडल्या. त्यातली एक जरा जोरात होती, पण ती माझ्या हक्काचीच होती. संघ बाद झाला नाही. गुणांत तळाला गेला, एवढंच.

“उद्यापासून येऊ नकोस,” सर म्हणाले. “सुटलास.”

सुटलो! खोलीवर आलो आणि पलंगावर अंग टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाहेर झुंजूमुंजू झालं आणि माझे डोळे टक्क उघडले. मिटून बघितले, मिटेनात. कूस बदलली, पाय वळवळायला लागले. पोटात भुकेचा आगडोंब! शेवटी नाइलाजाने बूट चढवले आणि मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आत सर एकटेच चुन्याच्या रेघा मारत होते.

“काय रे?”

“काही नाही, सर. सहजच.”

“सहज आलास, तर सहज एक फेरी मार.”

मारली. पूर्ण! मध्ये दोनदाच बसलो.

परवा पैलवानाची फेरतपासणी झाली. रक्तदाब अगदी ठणठणीत, उद्यापासून व्यायाम सुरू कर, असं बाईंनी सांगितलं. त्याने घरी आणि सरांनाही फोन करून कळवलं की डॉक्टरांनी अजून महिनाभर विश्रांती सांगितलीय. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. तो उठला, तर सरांच्या संघात पाचवा कोण, हा प्रश्न पुन्हा निघेल. आणि ती जागा... म्हणजे मला तशी काही हौस नाही हो! पण सकाळी जाताना त्याच्या अंगावरचं पांघरूण मी जरा नीट करून जातो. दिवाही लावत नाही.