बहुमताने ठरलेली माशी

त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यालगतची तीन एकरांची राई निर्जीव असल्याचा अहवाल जैवनोंद कक्षाने सोमवारी मंजूर केला. कक्षाच्या ॲपवर त्या राईतल्या एकाही जिवाची नोंद नव्हती, आणि ज्याची नोंद नाही तो जीव नाही, असे परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते. झाडे 'अडथळे' या सदरात मोडत होती. कावळे, खारी, मुंग्या नाशकात कुठेही सापडत असल्याने त्यांना राईचे रहिवासी मानता येत नव्हते. निर्जीव जागेत वाहनतळ करायला कुणाची हरकत नसते. ज्याची असेल, त्याने पंधरा दिवसांत राईतल्याच एका जिवाचा फोटो नावासह सादर करायचा होता.

हर्षाली बोरस्ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. गेली आठ वर्षे दर रविवारी त्या राईत कुजक्या ओंडक्यापुढे पालथ्या पडून त्यांनी अळंब्यांवरच्या माश्यांचे फोटो काढले होते. ये-जा करणाऱ्यांनी दोनदा रुग्णवाहिकाही बोलावली होती. त्या राईवर त्यांचा मनापासून जीव होता. सगळ्यांत स्पष्ट फोटो निवडून त्यांनी कक्ष गाठला.

लिपिक सावळीराम यांनी फोटो आधी उभा, मग आडवा धरून पाहिला.

"नाव?"

"हर्षाली बोरस्ते."

"तुमचं नाही हो मॅडम, माशीचं."

"अळंबीवर वाढणाऱ्या माश्यांच्या कुळातली आहे. फोटोवरून एवढंच सांगता येतं. नेमकी प्रजाती ठरवायला ती सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागेल."

"'सांगता येत नाही' असा पर्यायच नाहीये ॲपमध्ये."

"मग एक माशी पकडून आणते."

"त्याला परवाना लागतो. अर्ज सोपा आहे, फक्त माशीचं पूर्ण नाव टाका."

मात्र शासन कुणाला अडवत नाही. नाव अडल्यास ते लोकसहभागातून ठरवण्याची तरतूद होती. त्यासाठी कक्षाचा 'जैववैभव' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. सदस्य नऊशे बारा. उद्दिष्ट वेळेत गाठायचे म्हणून कक्षाने दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांचा फवारणी सल्ल्याचा ग्रुप उचलून फक्त नाव बदलले होते. सावळीरामांनी हर्षालींना सदस्य करून घेतले आणि फोटो ॲपवर चढवून त्याची लिंक ग्रुपवर टाकली.

ॲडमिन गोरक्षभाऊंचे उत्तर मिनिटभरात आले. "फळमाशी हाय ही. लय डेंजर."

खाली अंगठे पडू लागले. पंखांवरच्या शिरा फळमाशीच्या नाहीत, हे हर्षालींनी तीन परिच्छेद लिहून समजावले. त्यावर गोरक्षभाऊ म्हणाले, "ताई, बाग तुमची नाय ना." या वाक्यालाही अंगठे मिळाले.

संध्याकाळी सावळीरामांचा फोन आला. "अभिनंदन, मॅडम! नऊशे बारा विरुद्ध तुम्ही. नाव मिळालं, राई सजीव ठरली."

हर्षालींना रडूच आले. "म्हणजे वाचली?"

"वाचली म्हणजे काय, आता ती किडीचं अधिकृत आश्रयस्थान झाली. उद्या फवारणी, परवा तोड."

दोन्ही कामे वेळेआधी झाली. एखादे सरकारी काम वेळेआधी झालेले हर्षाली प्रथमच पाहत होत्या. पाठोपाठ फेरतपासणी झाली आणि राई निर्जीव असल्याचा अहवाल पुन्हा मंजूर झाला. या वेळी तो खरा होता.

माशी नेमकी कुठे शिंकली हे शोधायला हर्षालींनी ॲप उघडले. फोटो किती जणांनी उघडून पाहिला, हे तिथे कोपऱ्यात दिसत असे. आकडा होता एक. ते एक म्हणजे त्या स्वतःच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बुंध्यांनी भरलेल्या उघड्या जमिनीचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. खाली काही लिहिले नाही. दुपारपर्यंत सहाशे अंगठे आले, आणि सकाळच्या घाईत त्यातला एक तुमचाही गेला आहे.