दिगंबररावांचं न जोडलेलं विमान

दुसऱ्या महायुद्धातल्या एका बॉम्बर विमानाची शेपटी मी खडीसाखर समजून चावली आहे.

त्यात माझी चूक एवढीच, की मी सवयीचा माणूस. सोनपेठला साडूंकडे गेलो की पाय धुवायचे, देवघरासमोर हात जोडायचे, वाटीतला खडीसाखरेचा खडा तोंडात टाकायचा आणि मग खुर्चीत बसायचं, हे लग्नापासून चालत आलेलं. गेल्या उन्हाळ्यात तसाच एक खडा टाकला. बराच वेळ गोड लागेना. दात लावले, तर कट् असा आवाज झाला आणि आतल्या खोलीतून दिगंबरराव धावत आले.

"गिळू नका! साडूभाऊ, गिळू नका!"

मी तळहातावर थुंकलो. तीन तुकडे निघाले. दोन विमानाचे, एक माझ्या दाढेचा.

"अहो, पण हे देवासमोर कशाला ठेवायचं?" मी गाल धरून विचारलं.

"घरात तेवढीच एक जागा हाय जिथल्या वस्तूला कुणी हात लावत न्हाई," दिगंबरराव म्हणाले. "तुमी सोडून."

दिगंबरराव म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. कालव्याच्या ऑफिसात नोकरी, निवृत्तीला अजून थोडी वर्षं बाकी. चारचौघांत बसले तर पाण्याच्या पाळीपलीकडे ह्या माणसाला काही ठाऊक असेल असं वाटणार नाही. पण घरात, मुलाच्या रिकाम्या खोलीत, मुलाच्या रिकाम्या खाटेवर, त्यांचं बॉम्बर विमान आहे. चार पंख्यांचं, सात माणसांचं. पंख जोडले की खाटेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येईल एवढं. मूळ विमानाचा रेझिन नावाच्या राळेत ओतलेला हा धाकटा भाऊ परदेशातून खोक्यात, तुकड्या-तुकड्यांनी सोनपेठला आला. त्याची किंमत नातेवाइकांत कुणालाच माहीत नाही. विचारली की दिगंबरराव आपल्यासाठी पाणी आणायला उठतात.

नाद लहानपणचा. राणीसावरगावला ते कडब्याच्या चिपाडांची विमानं करायचे. बाकीची पोरं चिपाडांच्या बैलगाड्या आणि चष्मे करायची, हे एकटे विमान. मास्तरांनी विचारलं होतं म्हणे, "दिगंबऱ्या, गाडी का न्हाई करत?" तर उत्तर, "गाडी दारात हायच की, गुरुजी."

रेझिनचं काम प्लास्टिकसारखं नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. प्रत्येक तुकड्याला ओतकामाचा ठोकळा चिकटलेला असतो, तो करवतीनं कापायचा. मी चावलेल्या तुकड्याचा कापायचा राहिला होता, म्हणून तर तो खडीसाखर दिसला. मग तुकडा घासायचा, तोही पाण्याखाली, कारण ती भुकटी छातीत जाऊ द्यायची नाही. दिगंबरराव नाकाला उपरणं बांधून मोरीत बसतात आणि बादलीत हात घालून पॉलिश पेपर चालवतात. आपण शेजारी उभं राहून "झालं का?" विचारलं, की उपरण्यातून ठरलेलं उत्तर येतं, "तसल्लीनं!"

हा त्यांचा लाडका शब्द, म्हणजे सावकाश, निवांत. एकदा तो थेंबात चिकटणारा गोंद लावताना पंख्याचं पातं अंगठ्याला चिकटलं. सुटेना. ऑफिसची वेळ झाली. हे तसेच गेले. साहेबांनी विचारलं, "हे काय?" तर म्हणाले, "निघंल, साहेब. तसल्लीनं."

आणि आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात रेझिनचे पंख खाली वाकतात. माणसं वाकतात तिथं पंखांचं काय. मग परातीत गरम पाणी घेऊन त्यात पंख बुडवायचा, मऊ झाला की दोन पाटांमध्ये सरळ दाबायचा आणि वर गव्हाची पिशवी ठेवायची. पुन्हा वाकू नये म्हणून घरातला एकुलता एक कूलर विमानाकडे तोंड करून लावलेला. अक्का स्वयंपाकघरातून ओरडायची, "मी हितं गॅसपाशी भाजायलीय, आन् कूलर इमानाला!"

"तू वाकत न्हाईस ना," दिगंबरराव म्हणायचे.

ते दिवस आठवले की मला अजून सोनपेठची बस धरावीशी वाटते. रविवारी आम्ही परभणीहून जायचो. विमानाचं पोट शेंगेच्या फाकांसारखं दोन भागांत खाटेवर उघडं पडलेलं. बाहेरचं काम दिगंबररावांचं, आतलं अक्काचं. रांगोळीची सात ठिपक्यांची नक्षी एका दमात काढणारा तिचा हात. चष्मा नाकावर सरकवून ती वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे रंगवायची. रंगाचा वास आणि कांद्याच्या भज्यांचा वास एकत्र. आमची ही बहिणीच्या खांद्यावरून वाकून बघायची आणि दर वेळी विचारायची, "पण अक्का, हे पोट बंद केल्यावर आतलं कुणाला दिसणार?"

"आपल्याला ठावं हाय ना आत काय हाय," अक्का म्हणायची. "बास झालं."

आतल्या माणसांना तिनं मफलर रंगवले होते. खोक्यावरच्या चित्रात मफलर नव्हते. दिगंबररावांनी हरकत घेतली. "लेकरं हायती ओ," ती म्हणाली, "वर किती गार लागत आसंल." पुढच्या माणसाला तर माकडटोपीच. बॉम्ब मात्र खोक्यातून कधी बाहेर काढलेच नाहीत. गल्लीतलं कुणी विचारलं, "कुणावर टाकायचे हो?" तर दिगंबरराव माझ्याकडे बघून म्हणायचे, "सध्या साडूवर."

मग नातू झाला. मुलगा-सून दोघंही पुण्यात नोकरीला, त्यामुळे अक्का पुण्याला गेली. दिगंबररावांना नोकरी सोडता येईना, आणि रांगत्या लेकराच्या घरात रेझिनची भुकटी नको, म्हणून विमानही इथंच राहिलं. दिवाळी पुण्याला, संक्रांत पुण्याला. अक्का इथं येते ती फक्त विमानासाठी. सुनेला सलग सुट्टी मिळाली की चार दिवस. फोनवर दिगंबरराव "कधी येतीस?" असं विचारत नाहीत. मी समोर बसून ऐकलं आहे. "इमानातल्या नकाशावाल्याचं टेबल तसंच पडलंय," एवढं म्हणतात. मग अक्का येते, टेबल रंगवते आणि जाते.

पोरानं एकदा वैतागून सांगितलं होतं, "बाबा, ते एकदाचं जोडून टाका. आईला दर वेळी एवढ्या लांबचे धक्के. तेवढं संपलं की तिची ये-जा तरी थांबेल." बोलला ते काळजीनंच.

गेल्या उन्हाळ्यात काम संपतच आलं होतं. सहा माणसं झाली होती. उरला होता सातवा, शेपटीचा. तो सगळ्यांकडे पाठ करून एकटा बसतो. त्याच्याभोवती काचेसारखा पारदर्शक घुमट, तो दोन फाकांच्या मध्ये अडकवायचा आणि पोट मिटायचं. चार दिवसांवर अक्का यायची होती. सातवा रंगवायचा आणि संपलं. आणि नेमका त्या घुमटाचा मधला तुकडा मी चावला.

मला वाटलं, आता साडूपणा संपला. पण दिगंबररावांनी ते तुकडे उजेडात धरून पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आता कसलं जोडायचं," ते म्हणाले. "नवा तुकडा मागवावा लागंल. साता समुद्रापल्याडनं यायचा. दिवाळी उलटंल." असं म्हणून त्यांनी माझ्या चहात साखर जास्त घातली, आणि दाढेसाठी लवंगही दिली.

केवढं मोठं मन, असं म्हणत मी परभणीला आलो. पण मनाला लागून राहिलं. दाढेच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोळी काढली तर पाकिटाचा तो पारदर्शक फुगा, अगदी घुमटाच्या आकाराचा! मी वेगवेगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं शेजाऱ्यांकडून गोळा केली, सगळे फुगे नखकात्रीनं कापले आणि अक्का आली त्याच्या दुसऱ्या दिवशी हिला घेऊन सोनपेठ गाठलं.

भर दुपार होती. अक्का खाटेपाशी बसली होती, समोर दिगंबरराव. दोघं काही करत नव्हते, नुसते बोलत होते. नातवाला दात आलेत, शेजाऱ्याची म्हैस व्याली, असलं. मी खिशातून डबी काढली. "घ्या! परदेशाची वाट बघायला नको."

दिगंबररावांनी एकेक फुगा लावून पाहिला. सगळे लहानमोठे निघाले. शेवटचा बरोब्बर बसला.

"वा," ते म्हणाले. ते 'वा' असं निघालं, जणू मी त्यांची बदलीची ऑर्डर आणली होती.

"मग काय, अक्का!" मी चेवात आलो होतो. "घ्या ब्रश. सातवा रंगवा, जोडून टाका. आजच्या आज विमान तयार!"

अक्कानं ब्रश घेतला. सातवा माणूस चिमटीत धरला. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"आज डोळ्याला दिसंना," ती म्हणाली. "उजेड न्हाई."

बाहेर मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन अंगणातली फरशी भाजत होतं. खिडकी सताड उघडी होती.

"न्हाईच उजेड," दिगंबरराव लगेच म्हणाले. उठून त्यांनी कूलरचं तोंड विमानाकडून काढून अक्काकडे केलं. "पुढल्या बारीला बघू. तसल्लीनं."

सातवा, घुमटासकट, देवघरातल्या वाटीत गेला.

परतीच्या बसमध्ये मी तिकिटं खिशात ठेवली. मग हिला म्हणालो, "अक्काचे डोळे दाखवायला पाहिजेत. एवढ्या उन्हात तिला उजेड दिसेना, हे काही बरं लक्षण नाही."

ही खिडकीबाहेर बघत होती. पदरानं डोळे पुसत होती. धूळ फार होती.

"अक्काच्या डोळ्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आणि हे बघा, पुढच्या वेळी तिथलं काही म्हणजे काही दुरुस्त करून नेऊ नका. जमलं तर अजून एखादा तुकडा चावा."